घरी आई एकटी आहे

सिओरालिक पोलीस ठाणे, बॅफिन बेट, नुनावुत
दि. १८ एप्रिल, दुपार

नाव: टायटस कमानिक. वय: ५२ वर्षे. धंदा: गावच्या डिझेल वीजघराचा चालक, पोलीस, दवाखाना व न्यायालय यांना लागेल तेव्हा दुभाष्या. शिक्षण: शाळेत गेलो नाही, इंग्रजी इंजिनांच्या पुस्तकांवरून स्वतः शिकलो. राहणार: घर क्रमांक ३१, सिओरालिक.

मी कोणी बोलावलेले नसताना आपण होऊन ठाण्यात आलो आहे व कॉर्पोरल मिशेल गॅन्यों यांच्यासमोर बसून सांगतो ते असे:

उलायुक अकुमालिक, मुलगी, वय नऊ महिने, हिला आज येणाऱ्या विमानाने दक्षिणेकडे परक्या घरी ठेवण्यासाठी पाठवणार आहेत, असे समाजसेविका मिस डॉयल यांनी काल माझ्यादेखत सांगितले. हवा उघडली तर विमान दुपारीच उतरेल. ते उतरण्याआधी माझे म्हणणे कागदावर यावे एवढ्यासाठी मी आलो आहे.

या प्रकरणात आतापर्यंत मी दुभाष्या म्हणून बोललो. दुभाष्याने स्वतःचे काही बोलायचे नसते. हा नियम मला कोणी शिकवलेला नाही, मीच घालून घेतला आहे, आणि अठरा वर्षांत तो मोडलेला नाही. आज मी साक्षीदार आहे. कॉर्पोरल म्हणाल्या, "मग आज तुमचा अनुवाद कोण करणार?" मी म्हणालो, "मीच. गावात दुसरा चोख माणूस असेल तर बोलवा." त्यांनी कोणाला बोलावले नाही.

गेल्या आठवड्यात गावात खायला काय होते, असे विचारल्यावरून सांगतो. विमान सहा दिवस आले नव्हते. वाऱ्याने बर्फाची कड फुटून समुद्रात गेली, त्यामुळे सीलच्या शिकारीला कोणी निघाले नाही. निघायचे म्हटले तरी स्नोमोबाइलमध्ये पेट्रोल भरणे बहुतेकांना परवडत नाही. कॅरिबू हरणे मारायला सरकारची बंदी आहे. आमच्याकडे ज्याला शिकार मिळते तो गावच्या रेडिओवर सांगतो, "मांस जमिनीवर ठेवलंय, सुऱ्या घेऊन या." मग ज्याला हवे तो जातो व खाली बसून खातो. त्या आठवड्यात रेडिओवर असे एकानेही सांगितले नाही. बिंगोचे आकडे आणि चर्चची गाणी एवढेच चालू होते. लोक बिंगो ऐकत होते.

दुकान एकच आहे. त्यात त्या आठवड्यात कोबी होता, एकाला चोवीस डॉलर. रांगेतली एक म्हातारी तो हातात घेऊन म्हणाली, "हा विमानात खिडकीजवळच्या सीटवर बसून आला असणार." मागचा म्हणाला, "नाश्ताही दिला असेल त्याला." लोक हसले. कोबी तिथेच राहिला. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा बासष्ट डॉलर. हे भाव फळीवरच्या चिठ्ठीवरून सांगतो, ऐकीव नाहीत. माझ्या घरी त्या दिवसांत काय शिजत होते, या प्रश्नाचा या प्रकरणाशी संबंध नाही. उत्तर देत नाही.

जेपीटी अकुमालिक, वय ४४, हा पाण्याच्या टँकरवर बदली कामगार आहे. टँकरचा नेहमीचा माणूस आजारी पडला तर जेपीटीला काम मिळते. तो माणूस फारसा आजारी पडत नाही. जेपीटीचे लहानपण गावापासून लांब शिकारीच्या तळावर गेले. इंग्रजी त्याला येत नाही. येस, नो आणि गॅस, म्हणजे पेट्रोल, एवढेच येते. त्याची बायको लीटिया हिला छातीच्या आजारासाठी तीन आठवड्यांपूर्वी इस्पितळात नेले, तेव्हापासून उलायुकचे अंगावरचे दूध तुटले. शेजारच्या मीकाने काही दिवस स्वतःच्या मुलाबरोबर तिलाही पाजले. मग मीकाचेच दूध आटले. ती स्वतः काय खात होती हे मी तिला विचारले नाही. असे विचारत नाहीत.

मुलीला उलायुक हे नाव का, हे सांगणे भाग आहे, कारण सगळे त्यावर अडले आहे. जेपीटीच्या आईचे नाव उलायुक होते. ती मागच्या वर्षाआधीच्या हिवाळ्यात वारली. तिच्यानंतर त्या घरात ही जन्मली, म्हणून नाव हिला मिळाले. आमच्यात नाव मिळाले की माणूसही त्यात येतो. म्हणून जेपीटी हिला आई म्हणतो. लीटिया हिला सासूबाई म्हणते आणि हिच्यासमोर आवाज चढवत नाही. दुकानात गल्ल्यावर बसणारी आर्ना आत्या म्हणते. माझी बायको सीपोरा मैत्रीण म्हणते, कारण त्या दोघी तीस वर्षे एका दिव्याशी बसून कातडी शिवत. हिला बाळ म्हणणारे गावात कोणी नाही. कॉर्पोरलनी विचारले, "लाडाने म्हणता का?" नाही. लाडाचे शब्द वेगळे आहेत.

दि. १६ रोजी सकाळी दुकानात काय झाले ते मी पाहिलेले नाही. आर्नाने सांगितले तसे सांगतो. जेपीटीने फळीवरून दुधाच्या पावडरीचा शेवटचा डबा घेतला. लपवला नाही, हातात धरला. गल्ल्यासमोरून जाताना आर्नाला म्हणाला, "आईसाठी नेतोय. सील मिळाला की पहिला वाटा तुझ्याकडे." आर्ना म्हणाली, "आत्याला दाट करून द्या, नाहीतर तोंड वाकडं करेल." असे म्हणून तिने मान खाली घातली. मॅनेजरने दाराशी जेपीटीला अडवले व ठाण्याला फोन केला. मान खाली घालण्याचा पगार मिळत नाही असे तो आर्नाला म्हणाला, आणि तिला घरी पाठवले. जेपीटी पळाला नाही. तो दारात उभा राहून समोर स्वतःच्या घराकडे बघत होता, असे आर्ना सांगते.

मला ठाण्यात साडेदहाला बोलावले. कॉन्स्टेबल ब्रेट मॅकाली चौकशी करत होते. ते गावात नवीन आहेत, दीड महिना झाला. मेहनती आहेत. आमच्या भाषेतले चौदा शब्द भिंतीवर चिकटवून त्यांनी पाठ केले आहेत. आनाना, म्हणजे आई, हा त्यांतला एक. चौकशी झाली ती अशी. शब्द माझ्या पक्के लक्षात आहेत.

"डबा का घेतलास?"

"आई उपाशी आहे."

"घरात दुसरं काही नाही का तिला द्यायला?"

"तिला दात नाहीत."

"चालता येतं?"

"नाही."

"मग आत्ता तिच्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही. बायको इस्पितळात आहे. घरी आई एकटी आहे. मला लवकर जाऊ द्या."

इथे कॉन्स्टेबलनी पेन खाली ठेवले. ते म्हणाले, "माझ्या आजीचं शेवटी असंच झालं होतं. तीही पावडरीच्या दुधावरच होती." मी अनुवाद केला. जेपीटी मला म्हणाला, "दादा, माणूस चांगला दिसतो, पण हा बसून का राहिलाय? त्याला सांगा ना, ती उठली असेल." याचाही अनुवाद केला, "बसून का राहिलाय" हे धरून. कॉन्स्टेबल रागावले नाहीत. त्यांनी उलायुकचे नाव विचारून घेतले आणि कोट घालायला उठले. म्हणाले, "मीच जाऊन बघतो आजीबाईंना. डबाही देऊन येतो, बाकीचं मग."

तेवढ्यात दिवे गेले. दिवे गेले की मला कोणी बोलवावे लागत नाही. मी निघालो तेव्हा कॉन्स्टेबलचा एक हात कोटाच्या बाहीत होता. ते थेट जेपीटीच्या घरी, म्हणजे घर क्रमांक १४ कडे, जाणार अशी माझी खात्री होती. जेपीटीचीही होती. तो मला म्हणाला, "जा दादा, तुम्ही वीज बघा."

वीजघरात दोन नंबरचे इंजिन तेलाचा दाब घसरून बंद पडले होते. तीन नंबर चालू करून गावात वीज आणायला अकरा मिनिटे लागली. हा आकडा यंत्रावरचा आहे, माझा अंदाज नाही. इथे कॉर्पोरलनी 'सुमारे' असा शब्द लिहिला होता, तो मी खोडायला लावला. वीज गेली की घरांमधले हीटर बंद पडतात, आणि परत आली तरी आपोआप सुरू होत नाहीत. प्रत्येक घरात भिंतीवरचे लाल बटण दाबावे लागते. गावात सगळ्यांनी दाबले. घर क्रमांक १४ मध्ये त्या बटणापर्यंत हात पोचेल असे कोणी नव्हते. बाहेर उणे एकोणतीस होते.

शेजाऱ्यांनी का पाहिले नाही, असे विचारल्यावरून सांगतो. जेपीटीला पोलिसांनी नेले हे अर्ध्या गावाने पाहिले होते. उलायुक घरात एकटी असेल असे कोणाच्या मनात आले नाही. आमच्याकडे मूल कोणाच्या तरी पाठीवर असते. मीकाला वाटले सीपोराच्या पाठीवर असेल, सीपोराला वाटले मीकाच्या.

दोन नंबरचे इंजिन दुरुस्त करून मी तीनच्या पुढे ठाण्यात परत आलो, कारण सकाळच्या अनुवादावर माझी सही राहिली होती. आत कोठडीच्या दारावर कोणीतरी हात मारत होते. थांबून थांबून. कॉन्स्टेबल मॅकाली टेबलाशी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "ये टायटस. तुझ्या दोस्ताने आपल्या दोघांना छान बनवलं."

मी विचारले, "तुम्ही जाऊन आलात ना तिच्याकडे?"

"कुणाकडे?"

"त्याच्या आईकडे."

"त्याची आई मेलीय. दिवे आल्यावर म्हटलं निघायच्या आधी घराचा नंबर बघावा, तर संगणकावर तिच्या मरणाची तारीख. मेलेल्या आईचं नाव सांगून चोरी केली आणि पोलिसाशी खोटं बोलला. असले डबे इथे दारूच्या बदल्यात जातात असं मॅनेजर म्हणतो. आणि तेव्हापासून दार बडवतोय, आनाना, आनाना. तेवढा शब्द मला कळतो."

मी म्हणालो, "ती आई मेली. ही आई घरी आहे."

"त्याला आया आहेत तरी किती?"

"एकच. नऊ महिन्यांची आहे."

मी घर क्रमांक १४ कडे निघालो. मागे कॉन्स्टेबलच्या हातातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. काय पडले ते सांगता येणार नाही, मी दाराबाहेर होतो.

घर क्रमांक १४ चे दार नुसते लोटलेले होते. आत श्वास सोडला की वाफ दिसत होती. खिडकीला आतून बर्फ धरला होता. रडण्याचा आवाज नव्हता. उलायुक गादीवर नव्हती. ती सरपटत दाराजवळ आली होती, जिथे बूट काढून ठेवतात तिथे. जेपीटीच्या सीलच्या कातड्याच्या बुटाचा काठ तिने तोंडात धरला होता व ती तो चोखत होती. मध्येच थांबत होती, पुन्हा चोखत होती. तिच्या ओठांचा रंग विचारला आहे. तो दवाखान्याच्या कागदावर आहे, तिथून घ्यावा. मी कोटाची चेन काढली, शर्ट वर केला आणि तिला उघड्या अंगाशी धरून वरून कोट बंद केला. थोड्या वेळाने तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. मी तिला काय म्हणालो, ते या जबाबात येत नाही.

कॉन्स्टेबल मॅकाली माझ्या मागोमाग धावत आले होते, कोट न घालता. मी त्यांना लाल बटण दाखवले. त्यांनी ते दाबले आणि हीटर चालू झाल्यावरही बोट काढले नाही.

नर्सने घरी येऊन तपासले. दवाखान्यातली दुधाची पावडर विमान न आल्याने संपली होती. गावात उरलेला डबा एकच होता आणि तो ठाण्यात मुद्देमाल म्हणून पिशवीत बंद होता. म्हणून आम्ही ठाण्यात आलो. मुद्देमालाचे सील कोणी फोडले, असे कॉर्पोरलनी दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा हेच सांगितले की मी पाठमोरा होतो, केटलीतल्या पाण्याकडे बघत होतो. वळलो तेव्हा डबा उघडा होता आणि कॉन्स्टेबल मॅकाली चमचा शोधत होते.

उलायुक प्यायली. मध्ये एकदा उलटी झाली, पुन्हा प्यायली. जेपीटीला कोठडीच्या दारातल्या झडपेतून ती दाखवली. त्याचा घसा बसला होता. तो म्हणाला, "आई, मला उशीर झाला." ती त्याच्याकडे बघून बाटली सोडेना, तेव्हा म्हणाला, "पी, पी. आधी पी."

मग सीपोरा मूल ठेवायच्या मोठ्या टोपीचा कोट घालून ठाण्यात आली. उलायुकला तिने टोपीत घेतले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तुमचं इंग्रजी एवढं चोख, की माझी मैत्रीण त्यात गोठून गेली असती." कॉन्स्टेबलनी "काय म्हणाल्या?" असे विचारले, म्हणून मी त्याचा जसाच्या तसा अनुवाद केला.

दि. १७ रोजी दवाखान्यात मिस डॉयल यांनी जेपीटीशी बोलणे केले. त्याला पोलिसांच्या पहाऱ्यात आणले होते. मी दुभाष्या होतो. मिस डॉयल वाईट बाई नाहीत. बोलताना त्या उलायुकचा पाय हातात धरून चोळत होत्या.

त्यांनी विचारले, "तिला एकटं का सोडलंत?"

जेपीटी म्हणाला, "रात्रभर साखरपाण्यावर होती. पहाटे कुठे झोप लागली. वाऱ्यात उठवून न्यायची नव्हती. दुकान समोरच आहे. ती उठायच्या आत यायचं होतं."

"शेजारी सांगता आलं नसतं?"

"का चाललोय तेही सांगावं लागलं असतं."

मिस डॉयल यांनी वही उघडली. मग म्हणाल्या, "हे बघा. घर गारठलेलं, बाप कोठडीत, आई इस्पितळात. गावात नात्यातलं एखादं घर तिला घ्यायला तयार असेल, तर मी तिला कुठेही पाठवणार नाही. नसेल तर मला दुसरा रस्ता नाही. कोण आहे?"

जेपीटी म्हणाला, "सगळं गाव आहे."

"गाव मला लिहिता येत नाही. एक नाव सांगा."

जेपीटीने माझ्याकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. आमच्यात ज्याच्याकडे मागायचे त्याचे नाव घेऊन मागत नाहीत. त्याने ओळखून उठायचे असते. पण मी तिथे दुभाष्या म्हणून बसलो होतो, आणि पाहण्याचा अनुवाद होत नाही. मिस डॉयल माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही नात्यातले नाही ना?" त्यांना रक्ताचे नाते म्हणायचे होते. मी म्हणालो, "रक्ताने नाही." त्यांनी 'नातेवाईक नाहीत' असे लिहिले व मला ते जेपीटीला सांगायला सांगितले. मी सांगितले. जेपीटीने खाली पाहिले.

घरी सीपोराने विचारले, "मग काय ठरलं?" मी ठरले ते सांगितले. ती म्हणाली, "बरं. आणि तुम्ही तिथे काय करत होतात, दिव्याच्या खांबासारखे?" मी नियमाचे सांगितले. ती म्हणाली, "तुमचा नियम उद्या विमानात तिच्या मांडीवर बसवा, सोबत होईल तिला."

आज जबाब चालू असताना कॉर्पोरलनी पेन बाजूला ठेवून मला म्हटले, "टायटस, तुम्ही एवढंच लिहून द्या की परवाच्या अनुवादात चूक झाली. आईऐवजी बाळ हवं होतं. जेपीटीवरचा खोटं बोलल्याचा आरोप आजच्या आज निघतो. मॅकालीचंही बरं होतं. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही."

मी ते लिहून देत नाही. त्याचे कारण माझा मान आहे असे कॉर्पोरलना वाटले. मान आहेच, पण कारण ते नाही. चूक झाली असे मी म्हटले, तर मूल घरी एकटे आहे हे जेपीटीने सांगितलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो. मग त्याने मूल टाकले असे ठरते, आणि उलायुक विमानात बसते. जेपीटीने सांगितले होते. ती एकटी आहे, उपाशी आहे, तिला चालता येत नाही, हे त्याने माझ्या तोंडून पोलिसांना सांगितले आणि नंतर दार बडवून दिवसभर सांगितले. जे कळत होते तेही ऐकले गेले नाही. अनुवाद बरोबर होता. तो तसाच राहू द्यावा.

कॉर्पोरल म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं ती लहान मूल आहे. तुम्ही तेवढं एक वाक्य आपल्या मनाने का घातलं नाही?"

मी म्हणालो, "त्याने आई म्हटलं. मला आईच दिसली."

"म्हणजे?"

"म्हणजे उलायुक दिसली. तुम्हाला दुसरं कोणी दिसेल हे माझ्या डोक्यात आलं नाही."

त्यांनी हे लिहून घेतले.

आता नात्याचे. मिस डॉयल यांनी काल विचारले त्याला मी खरे उत्तर दिले, पण पुरे दिले नाही. ते आज पुरे करतो.

माझा जन्म शिकारीच्या तळावर, तंबूत झाला. मी पायाकडून येत होतो. माझी आई शुद्धीवर नव्हती. माणसे शिकारीला गेलेली. मला ओढून बाहेर काढले, तोंडातला चिकट काढून टाकला, नाळ कापली आणि अंगावर पहिले कातडे गुंडाळले ते उलायुकने. तिने हे काम त्याआधी कधी केलेले नव्हते. मी रडेना, तेव्हा तिने माझ्या तोंडात तोंड घालून फुंकर घातली. आमच्यात जी मुलाला अशी हातात घेते, तिचा तो मुलगा होतो. तिने घडवलेला मुलगा. त्याने जन्मभर तिला खायला आणायचे असते. माझा पहिला मासा, पहिला सील आणि वीजघराचा पहिला पगार माझ्या आईकडे गेला नाही, उलायुककडे गेला. पगाराची तिने साखर आणली आणि सगळ्या गावाला चहा पाजला. मला म्हणाली, "तू पायाकडून आलास तेव्हाच मी ओळखलं, हा पोरगा सगळं स्वतःच्या पद्धतीने करणार."

कॉर्पोरल म्हणाल्या, "ही जुनी उलायुक."

"उलायुक."

"ती वारली."

"वारली आणि आली. अजून दात यायचेत."

"टायटस, मी नक्की काय लिहू? नऊ महिन्यांच्या मुलीने बावन्न वर्षांच्या माणसाचं बाळंतपण केलं?"

"बाळंतपण माझ्या आईचं. मला हातात घेतलं. नीट लिहा."

"हे दक्षिणेत वाचतील."

"वाचू देत. स्पेलिंग मी तपासून देतो."

कॉर्पोरलनी आधीची ओळ खोडली. मग लिहिले.

त्यामुळे सांगतो, की उलायुक अकुमालिक हिला गावात नात्यातले घर आहे. ते घर क्रमांक ३१. तिथे पगार येतो. आज अकरा माणसे जेवतात, बारावी जेवेल. सीपोराला विचारले आहे. तिने दुधाच्या बाटल्या उकळायला ठेवल्या. जेपीटी सुटेल त्या दिवशी तो तिला नेईल किंवा आमच्यात राहायला येईल, ते आई आणि तो बघतील. माझ्या मुलाला विचारा, मुलगा उपाशी ठेवेल का, असे उलायुक म्हणाली असती. ती सध्या बोलत नाही म्हणून मी बोलतो.

जबाब इथवर आला तेव्हा विमानाचा आवाज आला. कॉर्पोरल उठून खिडकीशी गेल्या. मी गेलो नाही, माझे वाक्य अर्धे होते. ते पुरे करतो: उलायुकला खायला घालण्याचा हक्क मला आहे, तो मी आज मागत नाही, तो आहे एवढेच सांगतो आहे.

हा जबाब कॉर्पोरल गॅन्यों यांनी मला इंग्रजीत मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर माझ्या भाषेत मीच तो स्वतःला वाचून दाखवला, कारण दुसरा दुभाष्या नाही. दोन्ही भाषांत तो एकच आहे. कॉर्पोरलनी तीन ठिकाणी 'सदर बालिका' लिहिले होते, तिथे 'उलायुक' करून घेतले व बाजूला आद्याक्षरे केली. बाकी मी बोललो तेच उतरले आहे आणि ते खरे आहे.

सही: टायटस कमानिक
नाते: उलायुकने घडवलेला मुलगा

माझ्यासमोर: कॉर्पोरल मिशेल गॅन्यों

कॉर्पोरल गॅन्यों यांचा शेरा: जबाबाची प्रत मी स्वतः धावपट्टीवर नेऊन मिस डॉयल यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाऱ्यात उभ्याने दोनदा वाचली व दुसऱ्या पानावरची 'आई' म्हणजे खरेच ही मुलगी का, असे मला विचारले. मी त्यांना सांगितले की अनुवाद बरोबर आहे. विमान माल उतरवून परत गेले. उलायुक अकुमालिक हिचा सध्याचा मुक्काम: घर क्रमांक ३१, मुलाकडे.